रविवारचं कॉलेज

मैत्रिणींनो, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे, आठवतंय का? लग्नातली साडी कुठे ठेवली आहे ते तुम्ही झोपेतही सांगाल. मुलांच्या जन्माचे दाखले, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, सगळं तुमच्या हाताशी असतं. पण स्वतःचा दाखला? माझाही मला चौतीस वर्षांची होईपर्यंत ठाऊक नव्हता. तो गावच्या शाळेतून कोणी कधी आणलाच नव्हता. आणायचं कारणच काय पडलं होतं?

शिक्षण अर्धवट राहिलेल्या पुष्कळ बायका आपल्या अवतीभवती असतात. त्यांच्याकडे पाहून आपण म्हणतो, 'हिला आवड नव्हती,' नाही तर 'हिच्यात जिद्द नव्हती.' माझा अनुभव निराळा आहे. आवड पुष्कळ जणींना असते, जिद्दही असते. आपल्या आठवड्यात बसेल अशी शाळा मात्र सापडत नाही. मला ती सापडली, आणि सापडल्यावरही मी एकदा ती सोडायला निघाले होते. दोन्ही गोष्टी सांगते.

माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं, दर्यापूर तालुक्यातलं. आमचा सगळा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीला पाणी असलं तरी ते खारट, तोंडात धरवत नाही. गोड पाण्यासाठी लांबवर जावं लागे. गावात सातवीपर्यंत शाळा होती. १९७२ च्या उन्हाळ्यात मी सातवी पास झाले आणि आठवीसाठी दर्यापूरला नाव घातलं. त्या वर्षी पाऊस आला नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ सांगावा लागत नाही. फुटलेली खडी, रोजगाराच्या कामावरचा मस्टर आणि वाटलेली सुकडी अजून त्यांच्या डोळ्यांपुढे आहे. माझी आठवी दोन महिने टिकली. मग माय म्हणाली, "आता पुरे." मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली, जेवले, आणि डोक्यावर घमेलं घेऊन तिच्यामागे कामावर गेले.

१९७६ साली, सतराव्या वर्षी, माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला आले. आमचे हे जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन दीर आणि पुढे आमची दोन मुलं. संसार चांगला चालला होता, तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त मुलांच्या शाळेत सही करायची वेळ आली की मी फॉर्ममधला 'आईचे शिक्षण' हा रकाना ह्यांना भरायला सांगायची. तेवढंच काय ते खुपायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग पुन्हा शिकायचं डोक्यात आलं कसं? अगदी सहज आलं. १९९३ साली पुतण्याचा फॉर्म आणायला एका महाविद्यालयात गेले होते. फाटकावर पाटी होती, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र. खाली लिहिलेलं मी तीनदा वाचलं. वयाची अठरा वर्षं पूर्ण झालेली असली की पुरे, दहावी-बारावी नसली तरी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीला बसता येईल!

हे विद्यापीठ १ जुलै १९८९ ला नाशिकला सुरू झालं. पहिले कुलगुरू होते प्रा. राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. साऱ्या महाराष्ट्रात एकच विद्यापीठ, आणि गावोगावच्या महाविद्यालयांतून त्याची केंद्रं. कल्पना काही आकाशातून पडलेली नव्हती. इंग्लंडात मुक्त विद्यापीठ १९६९ साली निघालं आणि १९७१ पासून गिरणीतले, दुकानातले, घरातले लोक त्यात शिकू लागले. आपल्या शेजारी आंध्रात १९८२ साली असं विद्यापीठ निघालं. अमेरिकेत तर १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी जे छोटं कॉलेज निघालं, त्याच्या धर्तीवर पुढे गावोगाव 'कम्युनिटी कॉलेजं' झाली. दिवसा नोकरी करून संध्याकाळी तिथे जाणारी पोक्त माणसं तिकडे कोणाला नवलाची वाटत नाहीत.

आणि बायकांपुरतं बोलायचं तर आपल्याकडे ही वाट त्याहून जुनी आहे. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन काढलं. लग्न झालेल्या आणि नवरा गेलेल्या बायकांना पुन्हा पाटी-पुस्तक मिळावं हा त्यातला एक मोठा हेतू होता. दुर्गाबाई देशमुख तर आपल्या महाराष्ट्राच्या सूनच, सी. डी. देशमुखांच्या पत्नी. लहानपणीच त्यांचं लग्न लावलं गेलं होतं. त्यातून बाहेर पडून, सत्याग्रहात तुरुंग भोगून त्या मोठेपणी मॅट्रिक झाल्या, पुढे वकीलही झाल्या. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष असताना १९५८ साली त्यांनी प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. चार-पाच वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत करून घ्यायचा, म्हणजे बाई लवकर कामाला लागेल. ज्या बाईची शाळा स्वतः हुकली होती तिलाच हे सुचावं, यात नवल नाही.

असो. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की वर्ग रविवारी आहे आणि पुस्तकं घरी मिळणार आहेत.

दाखल्यासाठी गावी गेले. त्यावर माझी जन्मतारीख १ जून निघाली. गावातल्या निम्म्या लोकांची तीच आहे, गुरुजींनी सोयीने लिहिलेली! फीचे पैसे भिशीतून भरले. ह्यांना सांगितलं तेव्हा हे 'कर'ही म्हणाले नाहीत आणि 'करू नको'ही म्हणाले नाहीत. नुसतं, "झेपेल का?" एवढंच विचारलं. आत्याबाई मात्र स्पष्ट बोलल्या.

"आता शिकून काय कलेक्टर होतं काय तू? अन् रविवारी पाहुणे आले तं चुलीपाशी कोन बसन?"

खरं सांगू? मला तेव्हा राग आला, पण आज वाटतं त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांना माझ्या शिकण्याचं वावडं नव्हतं. प्रश्न रविवारचा होता. पाहुणे रविवारी, माळ्यावरची झाडझूड रविवारी, मुलांचं न्हाणं रविवारी. त्यात आमच्या अकोल्यात नळ रोज यायचा नाही, आणि तो नेमका रविवारी आला की सगळं घर बादल्या घेऊन धावायचं. तेव्हा मी भांडण न काढता सौदा केला. शनिवारी रात्री कणीक सोडून सारं तयार ठेवायचं. डाळ निवडून, भाजी चिरून, ठेचा कुटून. रविवारी पहाटे भाकरी टाकून जायचं आणि दुपारी दोनच्या आत घरी यायचं. ज्या रविवारी नळ येईल त्या रविवारी पाणी ह्यांनी आणि मुलांनी भरायचं. पहिल्या रविवारी ह्यांनी भरलेल्या घागरी अर्ध्याच होत्या. मी काही बोलले नाही. चौथ्या रविवारी भरून निघाल्या.

शेजारच्या बायका विचारायच्या, "सूनबाई दिसत नाहीत?" आत्याबाई सांगायच्या, "देवळात गेली." सुमारे वर्षभर मी दर रविवारी राजराजेश्वराच्या देवळात होते म्हणा ना!

वर्गात मी सर्वांत मोठी असेन आणि सगळे माझ्याकडे बघतील, या धास्तीने पहिल्या दिवशी मी दाराजवळच्या बाकावर बसले. बघते तो पुढच्या बाकावर एस.टी.चे एक वाहक, त्यांच्यामागे एक हवालदार, बाजूला दवाखान्यातल्या आयाबाई, आणि एक गृहस्थ तर नातवाला घेऊन आलेले. शिकवणाऱ्यांना विद्यापीठाने 'संमंत्रक' असं भारदस्त नाव दिलं होतं. आम्ही आपलं 'सर' म्हणायचो. पुस्तकंही निराळी होती. समोर बसून कोणी समजावून सांगतंय अशी त्यांची भाषा. प्रत्येक पाठात मध्येच प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरं, म्हणजे आपलं आपल्यालाच तपासता येतं. पोळी फुगेपर्यंत एक प्रश्न, शिट्ट्या होईपर्यंत दुसरा. मोठेपणी शिकणाऱ्याला सलग दोन तास कधी मिळत नाहीत, हे त्या पुस्तकं लिहिणाऱ्यांना कळलं होतं, त्याचंच मला फार अप्रूप वाटलं.

माझा थोरला तेव्हा दहावीत होता. त्याने एकदा हळूच सांगितलं, "आई, माझ्या मित्रांपुढे नको बोलू हं तुझ्या परीक्षेचं." लागलं मनाला. पण इंग्रजी शब्दांचे उच्चार मी त्यालाच विचारू लागले, आणि चिडत चिडत का होईना, तो सांगू लागला. वर्षभराने तोच मित्रांना सांगायला लागला, "आमच्या आईलाही उद्या पेपर आहे."

पूर्वतयारी झाली, बी.ए.चं पहिलं वर्ष झालं. दुसऱ्या वर्षाची परीक्षा १९९६ च्या उन्हाळ्यात होती, आणि परीक्षेच्या तोंडावर गावाहून निरोप आला. माय अंगणात घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला अमरावतीला इर्विन दवाखान्यात आणलं.

भाऊ शेतीत, भावजय बाळंत होऊन महिना झालेला. मीच थोरली. मग माझी अकोला-अमरावती अशी खेप सुरू झाली. पहाटेची पॅसेंजर, मूर्तिजापूर, बडनेरा, तिथून अमरावती. पिशवीत मायसाठी भात आणि माझ्यासाठी अर्थशास्त्राचं पुस्तक. पुस्तक पिशवीतच राहायचं. खिडकीतून गरम झळा यायच्या आणि मी डोळे मिटून बसायची. पहिले पेपर कसेबसे दिले. अर्थशास्त्राच्या पेपराच्या दिवशीच तिची शस्त्रक्रिया ठरली. मी अमरावतीला राहिले.

आता जे सांगणार आहे ते कोणाला सांगितलं नव्हतं. पेपर बुडाला याचं मला दुःख झालं नाही. बरं वाटलं. अर्थशास्त्राची मला भीती होती. आणि आता सोडून द्यायला असं कारण मिळालं होतं की कोणी नाव ठेवलं नसतं. उलट म्हणाले असते, 'पाहा, आईसाठी शिक्षण सोडलं!' बायकांना शिक्षण सोडल्याची शाबासकी फार सहज मिळते, मैत्रिणींनो. ती शाबासकी घ्यायला मी हात पुढे केलाच होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. चार दिवसांनी रात्री मी खाटेखाली चटईवर पडले होते. वरचा पंखा नुसता आवाज करत होता. माय जागी होती.

"तुहा पेपर होता नं, मले चिरलं त्या दिशी?"

"होता. जाऊ दे माय. आता या वयात माझं काय अडलंय?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्या तुले एक खेप शायेतून काढलं. आता दुसऱ्या खेपेलेबी मीच काढू काय वं?"

चोवीस वर्षांत आम्ही त्या गोष्टीबद्दल बोललो नव्हतो. मला वाटायचं तिला आठवतही नसेल. मी उठून बसले आणि इतकी वर्षं पोटात होतं ते विचारून टाकलं. कारण मला एक गोष्ट कधी समजली नव्हती. माय लहानपणी पौषातल्या रविवारी ऋणमोचनच्या यात्रेला जायची. पूर्णेच्या काठी तिने गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं. बाबा काय सांगायचे ते ती आम्हाला कितीदा तरी सांगायची. घरातली ताटं विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. मग एवढं ऐकलेल्या बाईने माझी शाळा कशी थांबवली?

माय म्हणाली, "ताटं तं म्याबी इकली, बाई. पन त्या साली पोटासाठी इकली. शायेसाठी इकाले ताट उरलं कुठी होतं?"

मग तिने सांगितलं. कामावरची मजुरी हातात यायला वेळ लागायचा, त्या मधल्या दिवसांत तिने लग्नातली पितळी ताटं एकेक करून विकली. शेवटचं ताट गेलं त्याच आठवड्यात माझी शाळा गेली. मला ताटं आठवत होती. ती कुठे गेली हे मी कधी विचारलं नव्हतं.

"आता तुया घरी ताटं हायेत नं?" तिने विचारलं.

"आहेत."

"मंग जाय."

एवढंच. ती कूस बदलायचा प्रयत्न करू लागली आणि मी तिला आधार द्यायला उठले.

अर्थशास्त्राचा तो पेपर मी पुढल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या पेपरांबरोबर दिला. भाकरी थापताना, नळाच्या रांगेत, पॅसेंजरमध्ये, मिळेल तिथे वाचलं. ज्याला भीत होते त्यालाच आधी धरलं. १९९७ साली मी बी.ए. झाले, अडतिसाव्या वर्षी. त्या रविवारी शेजारीण आली आणि "सूनबाई कुठे?" म्हणाली, तेव्हा मी आतल्या खोलीतच होते. आत्याबाईंचा आवाज ऐकला, "आमची सून ग्रॅज्युएट झाली, ठाऊक हाये काय तुले?" देवळातल्या वर्षाची भरपाई झाली.

मात्र पदवी हातात पडली आणि भाग्य उजळलं, असं मी सांगणार नाही. तसं सांगणाऱ्यांवर विश्वासही ठेवू नका. सरकारी नोकरीची वयोमर्यादा माझी केव्हाच उलटली होती. दोन वर्षं काहीच झालं नाही. पण १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली होती, आणि १९९९ च्या एप्रिलपासून सरकारच्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेमुळे खेडोपाडी गट निघू लागले. एका संस्थेला गटांचे हिशेब बघणारी, पदवी झालेली बाई हवी होती. मानधन थोडं होतं, फिरणं फार. मी गेले, आणि पुढली सतरा वर्षं तेच केलं.

आणि गंमत बघा. तिथे मला रोज उपयोगी पडलं ते अर्थशास्त्रच! गटातल्या बायका म्हणायच्या, "ताई, सावकार तर शेकडा पाचच घेतो." मी खडूने फरशीवर मांडून दाखवायची. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. हजार रुपये घेतले तर वर्षाला सहाशे रुपये नुसतं व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी. गटातून महिन्याला शेकडा दोनने घेतले तर वर्षाला दोनशे चाळीस, आणि तेही आपल्याच गटाच्या पेटीत राहतात. हे समजल्यावर एका म्हातारीने कपाळाला हात लावून विचारलं होतं, "म्हंजे बाई, मी वीस वर्सं त्याचंच घर बांधत होते?" त्या दिवशी घरी येताना एस.टी.त मला इर्विनमधली ती रात्र आठवली. मी अर्थशास्त्र तिथेच सोडलं असतं तर?

तर वाट बदलली ती अशी. मोठा चमत्कार झाला नाही. फॉर्ममधला एक रकाना मी स्वतः भरू लागले. घरात माझा एक तास 'माझा' म्हणून मान्य झाला. ह्यांना घागर भरता येऊ लागली. मुलीच्या लग्नाची बोलणी आली तेव्हा 'आधी तिचं शिक्षण' हे वाक्य मी बोलले आणि आत्याबाईंनी मान हलवली. चार पैसे स्वतःचे आले. आणि मायवरचा जुना राग गेला. तो किती जड होता हे तो गेल्यावर कळलं.

तुमच्यापैकी कोणाला आता पुढे जायचं असेल तर थोड्या अनुभवाच्या गोष्टी सांगते. माझ्या वेळचे नियम आता तसेच राहिलेले नाहीत. आज पदवीला बसायचं तर बारावी किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा लागणार, असं धरूनच चाला. पण म्हणून दार बंद झालेलं नाही. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला खाजगीरीत्या बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एकेक विषय करत सवडीने परीक्षा देता येते. अक्षरओळखच राहिली असेल तर पंधरा वर्षांवरच्या सर्वांसाठी 'उल्लास' नावाचा साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून चालू आहे, त्याची चौकशी गावच्या शाळेत करा. आणि 'आता कुठे या वयात' असं मनात आलंच तर ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा आठवा. ८ मार्च २०१६ ला ती सुरू झाली, आणि साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून तिथे गेल्या!

आधी कागद गोळा करा. दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी धावपळ नको. 'पैसे द्या, घरबसल्या पदवी देतो' म्हणणाऱ्या दलालाच्या वाऱ्याला उभ्या राहू नका. केंद्रात स्वतः जा आणि त्या शिक्षणक्रमाला युजीसीची मान्यता आहे ना, हे विचारून घ्या. परीक्षेच्या तारखा आधी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि मग लग्नाची आमंत्रणं स्वीकारा. चाळिशी जवळ आली असेल तर डोळे तपासून घ्या. मी सहा महिने अभ्यासाने डोकं दुखतं असं समजत होते, हवा होता फक्त चश्मा!

आणि शेवटचं, सर्वांत अवघड. घरच्यांना 'मी शिकू का?' असं विचारू नका. 'रविवारी पाणी कोण भरणार?' हे विचारा. पहिल्या प्रश्नाला कोणीही 'नाही' म्हणू शकतं. दुसऱ्याचं उत्तर बसून काढावंच लागतं.

२००५ साली आमच्या अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव दिलं. मी ते मायला वाचून दाखवलं. तोवर ती काठीवर चालायला लागली होती. ती म्हणाली, "बाबा तं शायेत गेलेच नोयते." मग जरा थांबून म्हणाली, "बरोबर हाये. ज्याले भेटली नाही त्यालेच तिची किंमत."

माय आता नाही. तिच्या उत्तरकार्याला आम्ही बहिणींनी गावच्या शाळेला पितळी ताटं दिली, पोरांच्या दुपारच्या खिचडीसाठी. प्रत्येकावर तिचं नाव घातलं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, ती पत्र्याची पेटी आज काढा आणि दाखला शोधा. नसेल तर गावाला एक कार्ड टाका, फोन करा. दाखला मिळाला की पुढचा रविवार फार लांब नसतो.